तंबू क्रमांक सहा

बोरिवलीत राहून बोरिवलीतच मुक्कामाला जाणं
हसण्यासारखं आहे, मान्य.
शेजारचे केंकरे म्हणालेही, अहो, मग माथेरान काय वाईट?
पण पावती फाडून झाली होती : नॅशनल पार्क,
माणसं दोन, रात्र एक, तंबू क्रमांक सहा,
जेवणाचे वेगळे.

गेटवर पिशवी उपसून पाहिली.
बिस्किटांचा पुडा, शालनची औषधं, बॅटरी, काडेपेटी.
काडेपेटी तेवढी ठेवून घेतली शिपायाने,
सकाळी न्या म्हणाला,
देवळाबाहेरच्या चपलांसारखी.

उन्हं कलल्यावर पायवाट दाखवायला बारकी आली.
पाड्यावरचीच. निळी स्लीपर,
आणि खात्याचं जाकीट, कुणा पुरुषाच्या मापाचं.
ती झाडांची नावं सांगत नव्हती,
सोयऱ्यांची ओळख करून द्यावी तसं चाललं होतं :
हा ऐन, ह्याच्या पोटात पाणी असतं.
हा कांडोळ, रात्री भुतासारखा दिसतो, पण गरीब आहे.
इथं मुंग्यांचं घर लोंबतंय, वाकून चला.
शालन वाकली.
गुडघ्यांचे डॉक्टर वर्षभर सांगून थकले
ती मुंग्यांसाठी वाकली.

वर एका कातळावर थांबवलं तिने.
खाली झाडांचं काळं,
आणि त्याच्या काठाला लागून आमचं शहर, उभंच्या उभं.
इतकं जवळ
की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली.
ती बघ बी विंग, शालन म्हणाली.
मी मजले मोजले. दोनदा चुकले.
चौदाव्यावर स्वयंपाकघराचा दिवा चालू.
विसरलीस ना?
कुलूप कुणी लावलं शेवटी?

तो दिवा तुमचा होय, बारकी म्हणाली.
सगळी बिल्डिंग झोपते, तो नाय झोपत.
दोनला, तीनला, कधीपण बघा.
माझी सून पोराला घेऊन अंगणात फिरते ना रात्रीची,
ती त्याला दाखवते, ते बघ, वरचे पण जागे.
आजारी आहे का कोण?

होती.
आई होती.
दोन वाजता तिला कुशीवर वळवायचं,
मग पाणी, चमच्याने, चार चमचे.
फेब्रुवारीत गेली.
दोन वाजायचे काही थांबले नाहीत.
मी उठतो, दिवा लावतो, ओट्याला टेकून उभा राहतो.
खिडकीत हा सगळा अंधार.
मला वाटायचं तिथे कुणी नाही.
फार तर बिबट्या.

हे मी बोललो नाही.
शालनने सांगितलं, दोन वाक्यांत.
बारकीने जाकिटाची चेन वर केली, खाली केली.
आमच्याकडची लाईट जाते मध्ये-मध्ये, म्हणाली,
तुमच्या दिव्यावरून दिशा कळते.
बरं पडतं.

रात्री तंबूत
शालन अशी घोरली की पलीकडच्या तंबूत कुणीतरी हसलं.
मी दोनला उठलोच.
चेन उघडून बाहेर बसलो, पाय गवतात.
तळ्याच्या बाजूला चितळ ओरडलं एकदा,
आणि त्यानंतर
सगळं रान कान देऊन राहिलं, मीही.
इथून बी विंग दिसत नव्हती.
पण तिकडे, घरात कुणीही नसताना,
तो दिवा कामावर होता.

सकाळी पोहे, जरा खारटच.
नऊला तंबू रिकामा.
काडेपेटी सही करून परत घेतली.
रिक्षावाले इतक्या जवळ यायला तयार नव्हते
म्हणून चालतच आलो.

लिफ्टमध्ये केंकरे.
दिसलं का काही?
नाही, म्हटलं. आम्हीच दिसलो.
ते हसले, बाराव्यावर उतरले.

दिवसाउजेडी तो दिवा अगदीच केविलवाणा,
ओट्यावर पिवळट सांडलेला.
शालनने चप्पलही न काढता आधी तो बंद केला.
रात्री लावू, म्हणाली,
आणि चहाचं आधण ठेवलं.